पाच सुयांची जुडी

आमचा फ्रीज बाईंनी पहिल्यांदा उघडला तेव्हा आम्हाला त्यांच्या घरात राहायला येऊन तीनच दिवस झाले होते. मी कणीक मळत होते. बाई दार न वाजवता आत आल्या, सरळ फ्रीजपाशी गेल्या, दार उघडून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. मला वाटलं, पाणी हवं असेल. बाटली देऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, "पाणी नको. किती अंश असतात ह्यात?"

"असतील पाच-सहा."

"अंदाज नको सांगूस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण ने."

एवढं बोलून पदराला हात पुसत त्या खाली निघून गेल्या. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे हसले. जागा हवेशीर आहे, भाडं बेताचं आहे, फ्रीजमध्ये हात घालतात तर घालू देत, असं ह्यांचं म्हणणं. पुढे शेजारणीकडून कळलं की आमच्याआधी पाच-सहा बिऱ्हाडं जागा बघून गेली होती आणि बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता, फ्रीज आहे का? आमच्याकडे होता. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला. त्या काळी बडोद्याच्या अख्ख्या घडियाळी पोळमध्ये, म्हणजे आमच्या गल्लीत, दोनच फ्रीज होते आणि दुसरा ज्यांच्याकडे होता त्यांच्याशी बाईंचं पटत नव्हतं.

का पटत नव्हतं, तेही सांगते. त्या फ्रीजवाल्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. तीत तारीख एक आणि वार भलताच छापलेला. बाईंनी लाल पेन्सिलीने वाराखाली दोन रेघा मारल्या, समासात 'पुन्हा पाहा' असं लिहिलं आणि पत्रिका त्यांच्या दारातून आत सरकवली. पत्रिका गावभर वाटून झाल्या होत्या. त्या गृहस्थांना घरोघरी जाऊन वार सांगावा लागला आणि राग मात्र छापखानेवाल्यावर न निघता बाईंवर निघाला.

बाई गणिताच्या शिक्षिका. नोकरीतून निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही, त्या अरुंद घराच्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मधल्या मजल्यावर कापडाचं गोदाम, वर आम्ही आणि आमच्या डोक्यावर अगाशी. बडोद्यात गच्चीला मराठी माणूसही अगाशीच म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' लावतो, मी नागपूरची असून महिन्याभरात म्हणायला लागले. बाईंचे आजोबा सयाजीरावांच्या वेळी जमीनमोजणीच्या खात्यात होते, तेव्हा मोजण्याचं वेड घराण्यातच असावं. मराठी लोकांच्या त्या बाई, गुजराती शेजाऱ्यांच्या बेन. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पाचवारी सुती साडी आणि अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल. खंडेराव मार्केटमध्ये त्या शिरल्या की भाजीवाल्या आपणहून तराजू एकदा झटकून घ्यायच्या. मला सुरुवातीला त्यांची भीती वाटायची, आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. फक्त भीतीचं कारण बदललं.

आता फ्रीजचं. शहराबाहेरच्या एका कारखान्यात तेव्हा काही जपानी इंजिनिअर कामाला आले होते. त्यातल्या एकाची तेरा वर्षांची मुलगी बाईंकडे गणित शिकायला यायची. गाडी पोळमध्ये शिरत नसे, म्हणून ती लहरीपुऱ्याच्या दरवाजापाशी उतरून चालत यायची. तिचं इंग्रजी अर्धं, बाईंचं मराठी-गुजराती मिसळलेलं, पण दोन वर्षांत त्या पोरीने बीजगणित पार केलं आणि "चाल ने" आणि "बराबर" हे दोन शब्द उचलले. मी तिला पाहिलेलं नाही. आम्ही यायच्या दोन महिने आधी ती वडिलांबरोबर परत गेली. जाताना तिने बाईंना एक पाकीट दिलं. त्यात पाइनच्या बत्तीस बिया होत्या.

तिकडे तिचे आजोबा बोन्साय करायचे. बाईंच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. एक वाळका, ताठ म्हातारा, आणि शेजारी उथळ कुंडीत त्याच्या गुडघ्याएवढं पाइनचं झाड, म्हाताऱ्यापेक्षा वयाने मोठं. "एवढ्याशा कुंडीत एवढी वर्षं? झाडाला उपाशी ठेवायचं म्हणजे," असं म्हणून बाई नाक मुरडायच्या आणि दिवसातून चार वेळा त्या फोटोसमोर उभ्या राहायच्या. बिया त्याच जातीच्या. ह्या जातीची ओळख अशी की तिच्या सुईसारख्या पानांची जुडी येते आणि एका जुडीत पाच सुया असतात, चार नाहीत की सहा नाहीत. नातीने बिया मागितल्या तेव्हा आजोबा म्हणाले होते, बडोद्याच्या उन्हात हे झाड जगायचं नाही, बिया फुकट जातील. नात म्हणाली, माझ्या बाई जगवतील. दोघांची पैज लागली. ठरलं असं की झाडाला पाच सुयांची जुडी आली की बाईंनी एक जुडी पाकिटात घालून पाठवायची. बाईंनी त्या मुलीला शब्द दिला होता. बाईंनी शब्द दिला, म्हणजे विषय संपला.

बियांबरोबर चित्रांचा एक कागद होता. पहिल्या चित्रात बिया, दुसऱ्यात ओली वाळू, तिसऱ्यात फ्रीज आणि त्यावर तीन चंद्र. बी तीन महिने थंडीत झोपलं पाहिजे, तरच त्याला वसंत आल्यासारखं वाटतं आणि ते उगवतं. बडोद्यात एवढी थंडी कुठली? म्हणून आमचं बिऱ्हाड.

दिवाळी झाली आणि बाईंनी ओल्या वाळूची बरणी आमच्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवली. बरणीवर लाल पेन्सिलीने '३२' लिहिलेली चिठ्ठी. शेजारी थर्मामीटर. मग सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री आठ, अशा तीन वेळा त्या जिना चढून यायच्या. आमच्याकडे पाहुणे असोत, भांडण चाललेलं असो, बाई आत येऊन थर्मामीटर बघणार, आकडा मोठ्याने म्हणणार आणि जाणार. वीज गेली की पाचव्या मिनिटाला जिन्यात बुटांचा आवाज. माझ्या नाकीनऊ आले होते. पण मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, त्यामुळे गंमतही वाटायची. बाई मला विचारायच्या, उत्तर लक्षपूर्वक ऐकायच्या आणि त्यातला अंदाजाचा भाग वेगळा काढून मला परत द्यायच्या.

डिसेंबरच्या शेवटी बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तेव्हा ते आजच्यासारखं चहा घेऊन घरी यायचं काम नव्हतं. आठवडाभर डोळ्यावर पट्टी बांधून पडून राहायचं, मग महिनाभर सांभाळायचं. भाची त्यांना आपल्या घरी नेणार होती. रिक्षात बसायच्या आधी बाई वर आल्या, थर्मामीटर बघितलं आणि मला म्हणाल्या, "आता तू बघ. दुसऱ्या कुणाला सांगणार मी?"

त्यानंतर सहाव्या दिवशी नागपूरहून तार आली, आई सीरियस. हे ऑफिसच्या कामाला पंधरा दिवस सुरतेला. मी रडत बॅग भरली. आमच्या माहेरी शिस्त होती, गावाला जाताना फ्रीज रिकामा करायचा, बंद करायचा, पुसायचा आणि वास लागू नये म्हणून दारात वर्तमानपत्राची गुंडाळी अडकवायची. आई हे इतक्या वेळा करताना पाहिलं होतं की हातांना ते डोक्याला न विचारता करता येत होतं. मी दूध शेजारी दिलं, भाजी मोलकरणीला दिली. बरणी हातात घेऊन तिच्याखालची काचही पुसली आणि बरणी पुन्हा जागेवर ठेवली. मग प्लग काढला, गुंडाळी अडकवली, कुलूप लावलं आणि स्टेशनवर गेले.

आई वाचली. बारा दिवसांनी मी परत आले, दार उघडलं आणि ती वर्तमानपत्राची गुंडाळी पाहून मला बरणी आठवली.

बरणीत पांढरी बुरशी आली होती. काही बियांना उगवायची घाई झाली होती, त्यांचे बारीक कोंब बाहेर येऊन काळे पडले होते. उघडल्यावर वास आला. मी बरणी तशीच खाली नेली आणि पोळच्या तोंडाशी गटारात उपडी केली. हे सगळं पाच मिनिटांत झालं. मी बाईंच्या भाचीकडे जायला हवं होतं, बाईंसमोर उभं राहून सांगायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले.

तिथे कपाटात डेहराडूनहून आलेल्या चीडच्या बिया होत्या. चीडही पाइनच, आपल्या हिमालयातला, आणि बी दिसायला बरंचसं तसंच. मी बत्तीस मोजून घेतल्या, त्यांचे पातळ पंख चोळून काढले, बरणी धुतली, नवी वाळू भरली. चिठ्ठी जुनीच लावली. चीडच्या जुडीत तीन सुया असतात, हे मला माहीत होतं. पण जुडी यायला वर्षं लागतात. सुरुवातीला पाइनच्या रोपाला सुटी सुटी पानंच येतात. तोवर काय होईल कोण जाणे, असा विचार मी केला. ह्यांनाही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत बाई जाड भिंगांचा चष्मा लावून परतल्या. सगळ्यांत आधी वर आल्या, थर्मामीटर बघितलं. "पाच. बरोबर," त्या म्हणाल्या. बाई कुणाला सहसा बरोबर म्हणत नसत.

पेरणी अगाशीवर झाली. विटांचा चुरा आणि नदीची वाळू तीन चाळण्यांतून चाळलेली. नव्या चष्म्याने बाईंना जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून बी मीच एकेक करून ठेवलं आणि त्या मोठ्याने मोजत होत्या. तीन आठवड्यांत एकवीस रोपं वर आली, डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं घेऊन. पलीकडच्या अगाशीवरून शेजारीण ओरडली, "बेन, आ शुं वाव्युं? घास?" गवत म्हटलेलं ऐकूनही बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच दिवशी त्यांनी जपानला पत्र लिहिलं. 'एकवीस. आजोबांना सांग.'

मग चित्र नंबर सात आलं. त्यात कात्री होती. रोप महिन्याचं झालं की जमिनीलगत कापायचं, मूळ फेकून द्यायचं आणि नुसतं देठ पुन्हा वाळूत लावायचं. म्हणजे नवी मुळं चारी बाजूंनी सारखी फुटतात आणि पुढे कुंडीत झाड शोभून दिसतं. मी म्हटलं, "बाई, आणखी जरा थांबू या." त्या म्हणाल्या, "थांबायचं कारण सांग." बाईंनी ब्लेड उकळत्या पाण्यात बुडवलं आणि एकवीसच्या एकवीस रोपांची मुळं कापली. रात्री मात्र जिन्यातून खाली त्यांच्या खोलीतल्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. एकवीसमधली चौदा जगली. मग उन्हाळा आला. बाई सकाळी नऊपासून अगाशीवर छत्री घेऊन बसायच्या, कुंड्यांभोवती ओली गोणपाटं, वर बारदानाचा मांडव, दुपारी आमच्या फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून कुंड्यांच्या मध्ये. गळ्यात दोऱ्याने बांधलेलं थर्मामीटर. पारा चव्वेचाळीसला गेला त्या आठवड्यात त्यांना चक्कर आली, मी आणि ह्यांनी त्यांना उचलून खाली आणलं. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "किती राहिली?"

"नऊ," मी म्हटलं.

"नऊ जगली म्हणजे झाड उन्हाचं नाही, असं म्हणता येणार नाही." त्या हसल्या. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. मला मात्र माहीत होतं की ती नऊ रोपं खोटी होती म्हणूनच त्या उन्हात टिकली.

पुढची अडीच वर्षं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. रोपं अगाशीवर वाढत होती आणि माझी भीती त्यांच्याबरोबर. जपानहून पत्रं यायची. 'जुडी आली का? आजोबा रोज विचारतात. आजोबा म्हणतात, जगली असतील तर मी तुमच्या बाईंना वाकून नमस्कार करीन.' बाई ती पत्रं मला वाचून दाखवायच्या आणि भिंग घेऊन अगाशीवर जायच्या. मी स्वयंपाकघरात त्यांची पावलं ऐकत उभी राहायची. त्या खाली येईपर्यंत माझ्या हातातलं काम पुढे सरकत नसे.

त्या काळातली एक गोष्ट विसरता येत नाही. बाईंनी जुनं कपाट आवरायला काढलं, त्यात शाळेच्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा निघाला. दुपारभर त्या वाचत बसल्या आणि चार वाजता मला म्हणाल्या, "चाल, लहरीपुऱ्याला जाऊन येऊ." तिथे साड्यांचं एक मोठं दुकान होतं. गादीवरचा मालक पन्नाशीचा, टक्कल पडलेला. बाईंना पाहून तो गिऱ्हाईकं सोडून उठून उभा राहिला. "बेन, तमे?"

बाईंनी पिशवीतून कागद काढला. "चौथ्या प्रश्नात तुझी रीत वेगळी होती, पण बरोबर होती. मी दोन मार्क कापले. ते चुकलं."

तो आधी हसला. मग बाई हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. कागद हातात घेऊन तो हळूच म्हणाला, "बेन, ए बे मार्कमां ज हुं नापास थयेलो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच आले."

त्याने थंड मागवलं, बाईंनी घेतलं नाही. त्याने खाली वाकून त्यांच्या बुटांना हात लावला, आणि बाईंनी त्याच्या टकलावर हात ठेवला. परत येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आत्ता सांग, दरवाजापर्यंत सांग, कोपऱ्यापर्यंत सांग. घर आलं. मी जिना चढून वर गेले.

त्याहून वाईटही मी केलं आहे. म्हणजे, करणार होते. झाडंच मेली तर जुडी येणार नाही आणि कुणी काही विचारणार नाही, हे माझ्या डोक्यात शिरलं होतं. बाई एकदा दुपारी बाहेर गेल्या होत्या. मी तपेलीभर पाण्यात चार मुठी मीठ ढवळलं आणि अगाशीवर गेले. नऊ कुंड्या ओळीने मांडलेल्या, रोपं वीतभर झालेली. पहिल्या कुंडीवर तपेली कलती केली तेवढ्यात जिन्यातून हाक आली, "पाणी देतेस? नको देऊस, मी सकाळी घातलंय." मी तपेली झटकन मागे ओढली आणि अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं. उरलेलं मी मोरीत ओतलं. बाई वर आल्या, म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुलाच जास्त काळजी." मी त्या रात्री जेवले नाही.

तिसरा पावसाळा सरला. नवरात्राच्या आधी एका रविवारी सकाळी अगाशीवरून हाक आली. "ए, वर ये ने. जुडी आली."

मी वर गेले. बाई पाटावर बसल्या होत्या, हातात भिंग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एका रोपाच्या शेंड्याशी कोवळी जुडी फुटली होती. बाईंनी टाचणीने ती विलग केली. एक, दोन, तीन. दुसऱ्या रोपाला दोन जुड्या होत्या. तीन. तीन. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग मला म्हणाल्या, "तू मोज."

"तीन," मी म्हटलं.

ऊन चढलं तरी बाई पाटावरून हलल्या नाहीत. शेवटी त्या उठून खाली गेल्या. मी सुटले असं मला वाटलं, खरं सांगते. तासाभराने त्यांनी मला बोलावलं.

टेबलावर पत्र लिहून तयार होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं. लिहिलं होतं की झाडांना तीन सुयांची जुडी आली आहे, तेव्हा ही जात आजोबांच्या झाडाची नाही. बरणी फ्रीजमध्ये ठेवल्यापासून पेरेपर्यंत नीट सांभाळली होती, त्यामुळे फरक बियांतच असणार. पैज जिंकायला आजोबांनी तुला दुसऱ्याच बिया दिल्या, असं म्हणायची माझी इच्छा नाही, पण दुसरा अर्थ मला दिसत नाही. त्यांना विचार.

"म्हाताऱ्याने पोरीला फसवलं," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या नातीला. तिला हे लिहायला मला किती वाईट वाटतंय! पण खोटं कसं लिहू?" मग त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. "मी गणितवाली. माझ्या म्हणण्याला तिथे कोण विचारणार? तू ह्या विषयातली आहेस. खाली लिही, मी स्वतः मोजल्या, तीनच आहेत. आणि सही कर."

मी पेन घेतलं. बाईंनी सहीची जागा बोटाने दाखवली. भिंतीवर तो म्हातारा आपल्या झाडाशेजारी उभा होता. कागदावर नीब टेकवलं आणि तिथे शाईचा ठिपका पसरत गेला.

"बाई, बिया मी बदलल्या."

मग मी सगळं सांगितलं. तार, प्लग, वर्तमानपत्राची गुंडाळी, गटार, प्रयोगशाळेतलं कपाट. मिठाचं पाणीही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्या मेल्या होत्या?"

"बुरशी आली होती."

"ते नाही विचारलं. बत्तीसच्या बत्तीस बघितल्यास? धुऊन, एकेक करून?"

"नाही."

"म्हणजे एखादी जिवंत असेल."

मी मान खाली घातली. त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही आणि आयुष्यात दुसऱ्या कुठल्या प्रश्नाने मला इतकं छळलेलं नाही. बाईंनी लिहिलेलं पत्र फाडलं, नवा कागद घेतला आणि मला बसायलाही न सांगता लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. "इंग्रजी बघ."

त्यात लिहिलं होतं, 'तू दिलेल्या बिया माझ्याकडून मेल्या. मी त्यांच्या जागी दुसऱ्या पेरल्या आणि तीन वर्षं तुझ्यापासून लपवलं. आजोबा बरोबर होते. सोबतची जुडी आमच्या हिमालयातल्या झाडाची आहे. तिला तीनच सुया असतात.'

"बाई, हे खरं नाही," मी म्हटलं. "तुम्ही लपवलं नाहीत."

"तिने बिया कुणाला दिल्या होत्या?"

"तुम्हाला."

"मग तिला उत्तर कोण देणार?" पत्र घडी करून त्यांनी पाकिटात घातलं, जुडी टिश्यूच्या कागदात गुंडाळून ठेवली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "पोस्टात टाकून ये."

मी गेले आणि टाकून आले. त्यात माझी एक ओळ घालता आली असती. पाकीट उघडंच होतं, डिंक मीच लावला. वाटेत दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा चालायला लागले.

त्यानंतर बाई वर आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर बाजूला होऊन मला वाट द्यायच्या. रोपांना पाणी घालायच्या, त्यांच्यावर त्यांनी राग काढला नाही. मी दुसरी जागा बघू या का असं ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, का, काय झालं? तेही सांगता येईना.

दीड-दोन महिन्यांनी पोस्टमनने जपानचं पाकीट टाकलं. मी वरून पाहिलं. संध्याकाळी बाईंनी हाक मारली. मी दारातच उभी राहिले. त्या चष्मा लावून पत्र वाचून दाखवायला लागल्या, वर्गात उतारा वाचतात तशा, सावकाश.

'प्रिय बाई, मी खूप रडले, पण रागावले नाही. आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांच्या हातून आयुष्यात हजारो बिया मेल्या आहेत, माणसाच्या हातून बिया मरतातच. पण ज्याने हे तीन वर्षं मनात ठेवलं, त्याने रोज त्या झाडांना बघितलं असेल आणि रोज भ्यायला असेल. त्याला फार त्रास झाला असेल. आजोबा म्हणाले, त्याला लिही की आता पुरे.'

बाईंनी चष्मा काढला. पत्राची घडी केली, पाकिटात घातली आणि माझ्यापुढे धरली.

"मला तीन वर्षं काही त्रास झाला नाही," त्या म्हणाल्या. "हे माझं नाही. घे."

पाकीट घेऊन मी जिन्यात बसले आणि ते पत्र पुन्हा वाचलं. माझ्या रडण्याचा आवाज वर गेला असावा. हे कठड्यावरून वाकून बघत होते.

"काय झालं? कुणाचं पत्र?"

"जपानहून आलंय."

"बाईंना?"

"नाही," मी म्हटलं. "मला."